मुलांच्या शिबिरात आणि वर्गात वागणुकीचे नियम: आखायचे कसे, राबवायचे कसे

मंडळाच्या व्यायामशाळेतला संध्याकाळचा वर्ग घ्या, मे महिन्यातलं उन्हाळी शिबिर घ्या, नाहीतर सोसायटीच्या हॉलमधला नाट्यवर्ग. पहिला आठवडा छान जातो. दुसऱ्या आठवड्यात ढकलाढकली सुरू होते, कुणाला तरी टोपणनाव चिकटतं, कुणी न सांगता वडापाव आणायला फाटकाबाहेर जातं. मग एक दिवस एखाद्या दादाचा हात सुटतो आणि संध्याकाळी पालक समितीच्या दारात उभे राहतात. त्यानंतर घाईघाईने पंचवीस नियमांचा फ्लेक्स लागतो. तो मुलं वाचत नाहीत आणि मोठेही वाचत नाहीत.

हा लेख मुंबईत नव्याने वर्ग किंवा शिबिर सुरू करणाऱ्यांसाठी आहे. सगळीकडे एकच कसोटी लावा: नियम मोडल्यावर कोणी, काय आणि किती वेळ करायचं हे आधी ठरलं नसेल, तर तो नियम लिहूच नका.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- प्रवेश अर्ज: मुलाचं नाव, जन्मतारीख, दोन वेगवेगळे फोन नंबर (दोन्ही आईचेच नकोत), दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं
- ने-आण पत्रक: मुलाला कोण नेणार त्यांची नावं आणि फोटो, किंवा मूल एकटं जाणार असेल तर तशी लेखी परवानगी
- एका पानाची नियमावली, पालकांच्या सहीसह
- फोटो-व्हिडिओची संमती वेगळ्या कागदावर, ‘नाही’ म्हणायची सोय ठेवून
- प्रत्येक मोठ्या माणसाची सही असलेली आचारसंहिता आणि पोलीस पडताळणीची प्रत
- हजेरीपट, पानांवर क्रमांक घातलेली नोंदवही (सुटे कागद चालणार नाहीत), प्रथमोपचार पेटी
- १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन), ११२ आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर, भिंतीवर, मोठ्या अक्षरात

१. आधी वेळापत्रकातली भोकं बुजवा

मस्ती वर्ग चालू असताना फारशी होत नाही. ती होते मधल्या वेळांत: वर्ग सुरू व्हायच्या आधी, पाण्याच्या सुट्टीत, रांगेत थांबताना आणि पालक येईपर्यंत. या वेळा बंदिस्त केल्या की निम्मे नियम लिहावेच लागत नाहीत.

हिशेब करून पाहा. एक मल्लखांब, चोवीस मुलं, प्रत्येकाला ४० सेकंद. आपली पाळी झाली की पुढची पाळी यायला पंधरा मिनिटं. आठ वर्षांचं मूल पंधरा मिनिटं रांगेत उभं राहून चिमटे काढणार नाही तर काय करणार? त्याच मुलांचे आठ-आठचे तीन गट करा. एक गट मल्लखांबावर, दुसरा जमिनीवरच्या व्यायामाला, तिसरा लंगडीला. वाट पाहण्याचा वेळ पाच मिनिटांच्या आत येतो. प्रशिक्षक त्याच पगारात राहतो, पण दोन मदतनीस लागतात, आणि नेमकं तिथे समित्या काटकसर करतात.

मदतनिसांचा आमचा अंदाज असा: पाच ते सात वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठा, आठ ते अकरा वयाच्या बारा मुलांमागे एक, त्यापुढच्या पंधरांमागे एक. मुलं कितीही कमी असोत, मोठी माणसं कमीत कमी दोन. एकाला मुलाला घेऊन दवाखान्यात जावं लागलं तर उरलेल्यांकडे कोण बघणार?

वर्ग पाचला असला तरी मुलं पावणेपाचपासून जमतात. ‘पाचच्या आधी फाटक उघडणार नाही’ हा नियम मुंबईत करू नका, कारण फाटकाबाहेर रस्ता असतो. त्यापेक्षा एका माणसाला साडेचारला बोलवा आणि आल्या आल्या करायचं ठरावीक काम ठेवा: चपला ओळीत, बाटली जागेवर, हजेरीवर सही, मग दोरीच्या उड्या.

जूनच्या मध्यावर मैदान चिखलात जातं आणि वर्ग हॉलमध्ये येतो. तीच मुलं, निम्मी जागा, बंद खिडक्या, डोकं उठवणारा आवाज. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं करा, गट दोन वेळांत वाटा. पाणी तुंबल्यावर वर्ग रद्द करायचा निर्णय कोण घेणार आणि तो पालकांना किती वाजेपर्यंत कळणार, हेही त्यातच लिहा. सव्वाचारला कळलं तर निम्मी मुलं घरातून निघालेली असतात.

२. मुलांसाठी नियम पाच, त्याहून जास्त नाहीत

नियम असा हवा की तो पाळला की मोडला हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. एकच प्रसंग पाहून दोन वेगवेगळ्या ताई एकच उत्तर देतील, तर तो नियम चांगला. ‘शिस्तीत वागा’, ‘मोठ्यांचा आदर करा’ ही वाक्यं त्या चाळणीतून गळून पडतात. आदर म्हणजे काय, हे त्या दिवशीच्या सरांच्या मूडवर ठरतं. बहुतेक ठिकाणी चालतील असे पाच:

१. तीन टाळ्या ऐकल्या की हात, पाय, तोंड थांबवायचं आणि वळून बघायचं.
२. खेळाला लागेल तेवढाच एकमेकांना हात लावायचा.
३. ताई-दादांना सांगितल्याशिवाय आवाराबाहेर जायचं नाही. चेंडू गेला तरी नाही.
४. प्रत्येकाला त्याच्या नावानेच हाक मारायची.
५. घेतलेली वस्तू होती तिथे परत ठेवायची.

चौथा नियम साधा वाटतो, पण त्याच्या पोटात बरंच काही मावतं. रंगावरून, अंगकाठीवरून, तोतरेपणावरून, आडनावावरून, जातीवरून, ‘तो चाळीतला’, ‘ती टॉवरवाली’, ‘भय्या’ हे सगळं एका नियमात आलं. मोठ्यांनीही तो पाळायचा. प्रशिक्षकच ‘ए जाड्या, पळ’ म्हणत असेल तर मुलांना काय सांगणार?

तिसऱ्या नियमातली चेंडूची ओळ काढू नका. मूल रस्त्यावर धावतं ते चेंडूमागेच. चेंडू बाहेर गेला की कोणत्या मोठ्याने आणायचा हे रोज नेमून द्या.

थांबण्याची खूण शिट्टीची नको. रविवारी सकाळी आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कात उभं राहा, कुणाची शिट्टी कुणाची हेच कळत नाही. शिवाजी पार्क तर २०१० पासून शांतता क्षेत्र आहे, तिथे ध्वनिक्षेपकाचा विषयच नको. तीन टाळ्या आणि वर केलेला हात पुरतो, पण त्याचा सराव लागतो. पहिल्या दिवशी पाच वेळा, नंतर आठवडाभर रोज दोनदा, खेळ म्हणून. सगळे थांबल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. तुम्ही एकदा गोंगाटावर ओरडून सूचना दिलीत की टाळीची किंमत संपली.

नियम पहिल्या दिवशी मुलांसोबत ठरवा, वीस मिनिटं पुरतात. ‘इथे कशामुळे मजा जाते?’ असं विचारा. बहुतेक उत्तरं याच पाचांत बसतात, आणि शब्द मुलांचे ठेवले की ती एकमेकांना आठवणही करून देतात. मात्र शिक्षा मुलांना ठरवू देऊ नका. ती फार कडक ठरवतात. ‘जो मारेल त्याला महिनाभर काढून टाकायचं’ असा ठराव टाळ्यांच्या गजरात होतो आणि पहिल्याच दिवशी तो कुणाच्या तरी जिवलग मित्राला लागू पडतो.

३. मोठ्यांचे नियम लांबलचक असू द्या

मुलांना पाच, मोठ्यांना पंधरा असले तरी हरकत नाही. हे कागदावर हवेत आणि प्रत्येकाची सही हवी. रोजच्या मानधनावरचा प्रशिक्षक, कॉलेजातला स्वयंसेवक, विश्वस्त, वॉचमन, चहा आणणारा, कुणीही सुटायला नको.

मारायचं नाही. कान पिळणं, धपाटा, पट्टी, अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, उन्हात उभं करणं हे सगळं त्यातच आलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. ‘आमची कुठे शाळा आहे?’ असं म्हणून सुटका होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्या प्रत्येकाला लागू होतं. मुलाला मारहाण किंवा विनाकारण शारीरिक-मानसिक त्रास दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलांची काळजी आणि संरक्षण ज्या संस्थेवर सोपवलं आहे तिथल्या माणसाने हे केलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड इतकी जाते.

व्यायाम शिक्षा म्हणून द्यायचा नाही. मैदानाला दहा फेऱ्या, पन्नास उठाबशा ही मैदानावरची जुनी सवय. दम्याच्या मुलाला ती महागात पडू शकते, आणि ज्याची गोडी लावायला मुलाला बोलावलं त्याचीच त्याला धास्ती बसते.

बंद दारामागे एका मुलासोबत एकटं थांबायचं नाही. खासगी बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. मूल लहान असेल तर शौचालयाच्या दारापर्यंत मोठ्याने जायचं, आत नाही. जमेल तिथे मुलं जोडीने पाठवायची. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कुस्तीत आधार द्यायला हात लावावा लागतो. तेव्हा ‘कमरेला धरतोय’ असं आधी बोलून, सगळ्यांसमोर. हे पालकसभेत करून दाखवा, नंतरचे गैरसमज टळतात.

मुलांशी खासगी व्हॉट्सॲप चॅट नाही, भेटवस्तू नाहीत, एकट्या मुलाला बाइकवर सोडायला जाणं नाही. निरोप पालकांच्या ग्रुपवर.

पोलीस पडताळणी मोठ्या शाळांपुरती नसते. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) नियम, २०२० मध्ये मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांत क्रीडा अकादमीही धरल्या आहेत, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचीही पडताळणी ठरावीक काळाने करायला सांगितलं आहे. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून करता येतो. शिबिर मेमध्ये असेल तर अर्ज मार्चमध्ये करायला लावा. आणि कागद आला म्हणून खात्री झाली असं समजू नका. आधी जिथे शिकवलं तिथल्या दोन ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘यांना पुन्हा मुलांसोबत ठेवाल का?’ समोरचा अडखळला तर ते उत्तर समजा.

४. पालकसभा पैसे भरण्याआधी घ्या

पैसे भरून झाल्यावर नियमावली दिली तर ती पावतीबरोबर पिशवीत जाते. अर्धा तास बसवा, पाच नियम आणि ते मोडल्यावरच्या पायऱ्या वाचून दाखवा, शंका घ्या, सही घ्या. फी परत मिळण्याचा नियमही त्याच पानावर हवा: मुलाला वागणुकीमुळे काढावं लागलं तर उरलेल्या दिवसांची फी परत द्या. ती अडवून ठेवली की वागणुकीचा वाद पैशांचा होतो, आणि तो लवकर मिटत नाही.

या सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सर, दोन ठेवून दिल्यात तरी आम्ही काही बोलणार नाही.’ हसून सोडू नका. सगळ्यांसमोर सांगा की आमच्याकडे कुणी हात उचलत नाही आणि पालकांच्या परवानगीनेही उचलणार नाही. अशा परवानगीला कायद्यात किंमत नाही, आणि नंतर तक्रार करणारे कधी कधी तेच पालक असतात.

मुलाबद्दल काही वेगळं असेल, म्हणजे ऐकायला कमी येणं, ऑटिझम, चंचलपणा, घरात नुकतंच काही घडलेलं, तर ते सभेनंतर एकेकट्याला विचारा. तीन टाळ्यांनी घाबरणाऱ्या मुलाला खांद्याजवळ हात हलवून खूण करता येते. हे माहीत नसेल तर त्याच मुलाचं नाव पहिल्या आठवड्यात चार वेळा नोंदवहीत येतं.

५. नियम मोडला, आता?

पायऱ्या ठरलेल्या हव्यात आणि त्या सर्वांना माहीत हव्यात.

*पहिली पायरी, आठवण.* जवळ जाऊन, हळू आवाजात, एकदाच. ‘दुसरा नियम काय आहे?’ मुलाने सांगितलं की झालं. लांबून नाव घेऊन ओरडलात तर बाकी तेवीस जणांना करमणूक मिळते.

*दुसरी, बाक.* सात वर्षांपर्यंत तीन मिनिटं, त्यापुढे पाच, मारामारी असेल तर दहा. बाक मैदानाच्या कडेला, सावलीत, मोठ्यांच्या नजरेत. वेळ घड्याळाने मोजा. वेळ झाली की स्वतः जाऊन मुलाला खेळात परत आणा. बहुतेक जण इथेच चुकतात: बसवतात आणि विसरतात. पाच मिनिटांची शिक्षा अर्ध्या तासाची झाली की मुलाला नियम आठवत नाही, फक्त राग आठवतो.

*तिसरी, त्याच दिवशी घरी फोन.* एकाच दिवसात दोनदा बाक झाला तर. फोन प्रमुख ताई किंवा दादांनीच करायचा, आणि फाटकावर चार पालकांसमोर बोलायचं नाही.

*चौथी, पालकांसह भेट आणि लेखी ठराव.* मूल, पालक, प्रमुख असे तिघेच. दोन आठवड्यांसाठी एकच गोष्ट ठरवा. ‘चांगलं वागेन’ असं लिहून घेऊ नका. ‘राग आला की बाकावर जाऊन बसेन आणि ताईला सांगेन’ असं लिहा.

*पाचवी, एक ते तीन वर्गांसाठी बंद.* तारखांसह, लेखी.

*सहावी, प्रवेश रद्द.* हा निर्णय एकट्या प्रशिक्षकाचा नाही. तिघांनी मिळून घ्यायचा, त्यांपैकी एक जण त्या वर्गाशी संबंध नसलेला. मुलाचं म्हणणं आधी ऐकायचं.

दुखापत होईल अशी मारहाण, हत्यार किंवा ब्लेड, चोरून काढलेला फोटो, अंमली पदार्थ यांत पायऱ्या मोजत बसायचं नाही. मुलाला वेगळं बसवा, पालकांना बोलवा. पण पालक येईपर्यंत त्याला फाटकाबाहेर काढायचं नाही, ही ओळ मोठ्यांच्या आचारसंहितेत ठळक घाला. रागाच्या भरात ‘चल, घरी जा’ म्हटलं आणि दहा वर्षांचं मूल एकटं रस्त्यावर गेलं, तर पुढे जे होईल त्याला जबाबदार तुम्ही.

सगळ्या गटाला एकाच्या चुकीची शिक्षा देऊ नका. ‘कुणी केलं ते सांगा, नाहीतर कुणालाच खेळ नाही’ असं म्हटलं की नाव कळतं खरं, पण सुटल्यावर त्या मुलाची गल्लीत धुलाई होते.

६. मारामारी सोडवताना

आधी बघ्यांना हटवा. प्रेक्षक गेले की निम्मं भांडण ओसरतं. एका मोठ्याने बाकीची मुलं दुसऱ्या टोकाला न्यायची, दुसऱ्याने दोघांच्या मध्ये, थोडं तिरकं उभं राहून, सपाट आवाजात म्हणायचं, ‘थांबा. तू इकडे, तू तिकडे.’ ‘का मारलंस?’ हा प्रश्न त्या क्षणी विचारायचा नाही. त्याचं उत्तर ‘त्याने आधी शिवी दिली’ हेच येतं आणि भांडण पुन्हा पेटतं. पाणी द्या, दहा मिनिटं जाऊ द्या. मग दोघांना वेगवेगळं ऐका, ज्याला लागलं आहे त्याला आधी. तीन प्रश्न पुरतात: काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं, आता काय केलं म्हणजे बरं वाटेल.

जबरदस्तीने ‘सॉरी म्हण, हात मिळव’ करवून घेऊ नका. ते फोटोसाठी बरं असतं. चष्मा वाकवला असेल तर तो दुरुस्त करून आणणं, सांडलेलं आवरणं, दुसऱ्या दिवशी त्याची पाळी आधी देणं, असं काहीतरी भरून देऊ द्या.

भांडण आणि छळ यांत फरक करा. दोघं बरोबरीचे आणि प्रसंग एकदाचा, तर ते भांडण. एक वरचढ, दुसरा एकटा आणि प्रकार पुन्हा पुन्हा, तर तो छळ. तिथे ‘दोघंही मिटवून टाका’ म्हणणं म्हणजे वरचढाला मोकळीक. छळ होत असलेल्या मुलाला वरचढासमोर बसवून बोलायला लावू नका. गट वेगळे करा, सुटण्याच्या वेळा वेगळ्या ठेवा आणि दोन आठवडे रोज त्या मुलाला सहज विचारत राहा.

७. नोंदवही: त्याच दिवशी, पाहिलं तेवढंच

चुकीची नोंद: ‘अ नेहमीप्रमाणे मस्ती करत होता, ब ला त्रास दिला, समज दिली.’ यातून महिन्याभराने काही कळत नाही.

बरोबर नोंद: ‘१४ मे, सायं. ५.३५, खो-खोच्या खांबाजवळ. अ ने ब ला मागून दोन्ही हातांनी ढकलले. ब पडला, उजवा गुडघा खरचटला. ताईंनी स्वतः पाहिले. जखम धुऊन पट्टी लावली. अ दहा मिनिटे बाकावर, ५.५० ला खेळात परत. ७ वाजता दोन्ही घरी फोन केला.’ खाली लिहिणाऱ्याची सही.

वही कुलपात राहते. पालकाला त्याच्या मुलाची नोंद वाचून दाखवायची, दुसऱ्या मुलाचं नाव उघड करायचं नाही. नोंदीचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही.

८. मोबाइल

‘मोबाइल आणू नका’ हा नियम मुंबईत टिकत नाही, कारण एकटं येणाऱ्या मुलाला फोन पालकांनीच दिलेला असतो. त्यापेक्षा आल्यावर बंद करून, नाव लिहिलेल्या पाकिटात, पेटीत. पेटीची किल्ली एकाच माणसाकडे. कपडे बदलायच्या जागी आणि शौचालयात कुणाचाच फोन नाही, मोठ्यांचाही नाही. मुलांनी आपसात काढलेल्या ग्रुपमध्ये ताई-दादांनी शिरू नये, पण तिथली छळवणूक वर्गात आली की ती वर्गाचीच बाब धरा.

९. सुटण्याची वेळ

मूल पत्रकात नाव असलेल्या माणसाकडेच जाणार. ‘मी काका, ओळखतो मला तो’ एवढं पुरत नाही. घरी फोन लावायचा आणि तोही तुमच्याकडच्या नंबरावर, समोरच्याने दिलेल्या नंबरावर नाही. न्यायला येणारा प्यायलेला दिसला तर वाद घालू नका, ‘एक फॉर्म राहिलाय, पाच मिनिटं बसा’ म्हणून दुसऱ्या नंबरावर फोन करा.

लोकल अडकली की पालक उशिरा येतात, त्यासाठी मुलावर चिडू नये. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठे थांबणार, हे मानधनात धरूनच ठरवा. अर्धा तास उलटला आणि दोन्ही नंबर लागत नसतील तर पुढे कुणाला फोन करायचा, ते आधीच लिहून ठेवा.

सहलीला हाच शिस्तीचा धागा पुढे न्यायचा. राणीच्या बागेत जायचं असेल तर बुधवार टाळा, बाग बंद असते. लोकलने नेताना गर्दीची वेळ टाळा, जोड्या ठरवा आणि चढण्याआधी, चढल्यावर, उतरल्यावर असे तीनदा डोकी मोजा. प्रत्येक मुलाकडून हे घोकून घ्या: गाडीत एकटा राहिलास तर पुढच्या स्टेशनला उतर आणि फलाटावर तिथेच उभा राहा. फलाटावर राहिलास तर हलू नकोस, आम्ही परत येतो. प्रमुखांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात. बॅगेत नको, बॅग दुसऱ्याकडे असते.

गोविंदा पथकाच्या सरावालाही मुलं याच वर्गांतून जातात. चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेता येत नाही. ‘नुसता सराव आहे’ ही पळवाट तुमच्या आवारात चालू देऊ नका.

१०. लैंगिक अत्याचाराची तक्रार किंवा शंका आली तर

इथे वरच्या पायऱ्या, समिती, बैठक काहीही लागू नाही. पोक्सो कायदा, २०१२ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो, मुलगा असो वा मुलगी. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट संस्थाप्रमुखाने दडवली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही.

क्रम असा:

मूल बोलतंय ते ऐका, घाई नको. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही.’ ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते मोडावंच लागणार आहे. खोदून विचारू नका आणि उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ टाका, सही करा. त्या माणसाला लगेच मुलांपासून दूर करा, पण त्याला बोलावून जाब विचारू नका, मुलासमोर आणू नका. तपास हे तुमचं काम नाही. पालकांना सांगा (शंका घरातल्याच कुणावर असेल तर आधी १०९८ शी बोला) आणि पोलिसांना कळवा. कपडे, चॅट, सीसीटीव्हीचं चित्रण जसं आहे तसं राहू द्या.

पालक पोलीस ठाण्याच्या नावाने घाबरतात. त्यांना सांगा की मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, वर्दी न घालता, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही बाहेर जाता कामा नये. ‘आपल्या एका वर्गात अमुक घडलं’ असा सोसायटीच्या ग्रुपवरचा संदेशही ओळख उघडी पाडायला पुरतो.

‘मंडळाचं नाव जाईल, आपसात बघू’ असं कुणी म्हणालं तर वाद न घालता कलम २१ वाचून दाखवा.

११. अध्यक्षांचा नातू

नियमांची खरी परीक्षा अध्यक्षांचा नातू, देणगीदाराची मुलगी किंवा प्रशिक्षकाचं स्वतःचं मूल बाकावर बसायची वेळ येते तेव्हा होते. यासाठी दोन सोयी आधीच करून ठेवा. एक, स्वतःच्या किंवा नात्यातल्या मुलाबद्दलचा निर्णय त्या माणसाने घ्यायचा नाही, असा ठराव समितीच्या इतिवृत्तात. दोन, तिसऱ्या पायरीपर्यंतचे निर्णय मैदानावरच्या प्रमुखाचे, समितीला ते फिरवता येणार नाहीत. पालकाला दाद मागायची असेल तर सात दिवसांत लेखी, आणि निर्णय होईपर्यंत ठरलेली पायरी चालू राहील. गणपतीच्या वर्गणीच्या दिवसांत यावर दबाव येतो, म्हणून ठराव त्याच्या बराच आधी, एप्रिलमध्ये करून घ्या.

१२. दर तीन महिन्यांनी वही उलटून पाहा

प्रत्येक नोंदीसमोर तीन रकाने भरा: किती वाजता, कुठे, कोणता मोठा जवळ होता. नोंदी ५.३० ते ५.४० मध्ये गर्दी करत असतील तर पाण्याची सुट्टी दोन गटांत घ्या. एकाच दादाच्या गटात सगळ्या असतील तर दादाला मदतनीस द्या, नाहीतर त्याच्याशी बोला. एकाच्याच गटात शून्य असतील तरी जाऊन बघा. एक तर तो फार चांगला आहे, नाहीतर लिहीत नाही. एकच मूल पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्याच्या अर्जावरची वैद्यकीय माहिती आणि गटातलं वय तपासा. बारा वर्षांच्या गटात नऊ वर्षांचं मूल भावासोबत म्हणून घुसवलेलं असतं. आणि सहा महिन्यांत एकदाही न मोडलेला नियम पाचांतून काढून जागा मोकळी ठेवा. आवाराबाहेर न जाण्याचा मात्र, तो कधीच मोडला गेला नसला तरी, राहू द्या.